ट्रकच्या स्टेअरिंगवर परत यायचंय: लायसन्स, चाचणी आणि तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मोठी गाडी चालवून मग थांबलेले अनेक लोक आहेत. कुणी शेतीकडे वळलं, कुणी रिक्षा घेतली, कुणाचं कंबरेचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मालकाने लॉकडाऊनमध्ये गाड्याच विकल्या. परत यायचं ठरलं की हे सगळे जवळपास तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत.

उत्तरं महाराष्ट्रातल्या आरटीओ कार्यालयांना धरून लिहिली आहेत, पण मूळ कायदा देशभर एकच आहे: मोटार वाहन कायदा, १९८८. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि लायसन्सच्या जवळजवळ सगळ्या मुदती बदलल्या. परत येणारा ड्रायव्हर अडकतो तो बहुतेक इथेच. गाडी त्याला येते, पण नियम डोक्यात जुनेच असतात.

१. माझ्या लायसन्सवर दोन तारखा आहेत. एक संपलीय, दुसरी २०३१ ची आहे. मग माझं लायसन्स चालू की बंद?

अर्धं चालू, अर्धं बंद. एकाच कार्डावर दोन मुदती असतात. नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत दुचाकी आणि कारसाठी, ट्रान्सपोर्टची मुदत व्यावसायिक वाहनांसाठी. पहिली लांब असते: तिशीच्या आत लायसन्स काढलं तर वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर दहा वर्षं. ट्रान्सपोर्टची मुदत मात्र आता पाच वर्षांची आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीनच वर्षांची होती, त्यामुळे जुन्या कार्डांवर ती लवकर संपलेली दिसते.

तुमची ट्रान्सपोर्टची तारीख उलटली असेल तर दहा चाकीच्या स्टेअरिंगवर बसायचं नाही, मग दुसरी तारीख कितीही पुढची असो. पण दुसरी तारीख चालू असणं ही मोठी जमेची बाजू आहे. ती का, हे प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे.

२. ट्रान्सपोर्ट संपून चारच महिने झालेत. महिनाभर तर सवलत असतेच ना?

होती, आता नाही. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन्स चालू धरलं जायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती तरतूद काढली. तारीख संपली, की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स.

बदल्यात एक सोय मिळाली. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो आणि या काळात गाडी चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. तुम्ही चार महिन्यांवर आहात, म्हणजे सारथी पोर्टलवर (लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर) अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र (प्रश्न ७) आणि शुल्क एवढंच काम आहे. हे याच आठवड्यात करा. मधले चार महिने मात्र भरून निघत नाहीत. त्या काळात अपघात झाला असेल तर त्या दिवशी लायसन्स नव्हतं, हेच कागदावर राहतं.

३. माझं तर २०१६ लाच संपलं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात?

पहिल्यापासून नाही, पण चाचणीपासून. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल तर वाहन चालवण्याची चाचणी पास झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. आधी ही मर्यादा पाच वर्षांची होती. त्यामुळे ‘पाच वर्षं काही होत नाही’ असं सांगणारे जुने दोस्त तुम्हाला भेटतील. ते खोटं सांगत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे.

उशिराचं शुल्कही लागतं. २०१६ च्या दरपत्रकात ते दर वर्षाला किंवा वर्षाच्या भागाला एक हजार रुपये असं ठरलं. त्यामुळे बऱ्याच वर्षांचा खंड असेल तर आकडा मोठा येतो. तो पाहून काहीजण जुनं लायसन्स लपवून नवीनच काढायला जातात. तसं करू नका. एका माणसाकडे दोन लायसन्स असणं कायद्यात बसत नाही. नोंदी देशभर जोडलेल्या आहेत, त्यामुळे ते कधी ना कधी उघडं पडतंच. शिवाय नवीन काढलं तर तुमचा जुना अनुभव कागदावरून पुसला जातो आणि चांगला ट्रान्सपोर्टवाला तोच आधी बघतो.

४. माझ्याकडे अजून पुस्तकी लायसन्स आहे, फोटो चिकटवलेलं. पोर्टलवर नंबर टाकला तर काही दिसतच नाही.

तुमची नोंद संगणकात चढलेली नाही. आरटीओच्या भाषेत याला बॅकलॉग म्हणतात. ज्या कार्यालयाने पुस्तक दिलं तिथेच मूळ रजिस्टर असतं, म्हणून मूळ पुस्तक, आधार आणि जन्मतारखेचा पुरावा घेऊन तिथेच जा. आज तुम्ही पनवेलला राहत असाल आणि पुस्तक सोलापूरचं असेल, तर सोलापूरची एक फेरी धरून चाला. नोंद चढली की पुढचे अर्ज राज्यातल्या कुठल्याही आरटीओत करता येतात. जाण्याआधी पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. शिक्के पुसट झालेले असतात, आणि हेवीचा (जड वाहनाचा) शेरा ज्या पानावर आहे नेमकं तेच पान फाटलेलं असतं.

५. मी सातवी पास आहे. मागे आठवीची अट म्हणून परत पाठवलं होतं.

ती अट गेली. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पासची सक्ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढली. ज्या हजारो माणसांना गाडी येत होती पण दाखला नव्हता, त्यांच्यासाठी हा फार महत्त्वाचा बदल होता. तो गावोगावी अजून पोचलेला नाही, म्हणून ओळखीच्यांना आवर्जून सांगा. वाचता येणं मात्र गरजेचं आहे. पाट्या, ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद, प्रश्न १४), मोबाइलवरचे संदेश सगळं वाचावं लागतं, आणि टँकरला तर वेगळीच अट आहे (प्रश्न १५).

६. वय चोपन्न आहे. आता मिळेल का? की उगाच धावपळ?

मिळेल. ट्रान्सपोर्टसाठी खालची मर्यादा वीस वर्षांची आहे, वरची मर्यादा कायद्यात नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि प्रत्येक वेळी वैद्यकीय तपासणी, एवढंच.

नोकरीचं गणित वेगळं आहे. मोठ्या कंपन्यांचं काम करणारे ट्रान्सपोर्टवाले स्वतःची वयोमर्यादा ठेवतात. लहान मालक, बाजार समितीची भाजीपाल्याची गाडी, साखर कारखान्याचा हंगाम, बांधकामाचे टिपर इथे पन्नाशीच्या माणसाला आजही मान आहे, कारण तो गाडी सांभाळतो. आधी काम कुठे मिळेल ते विचारा, मग पैसे खर्च करा.

७. वैद्यकीय तपासणीत काय बघतात? मला शुगर आहे आणि चष्माही लागलाय.

ट्रान्सपोर्टसाठी नमुना १-अ वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, वय काहीही असो. त्यात थेट प्रश्न असतात. उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का (चष्मा लावून चालतो), लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचा हॉर्न ऐकू येतो का, हातापायात असं काही व्यंग आहे का की गाडीवर ताबा राहणार नाही. फिट्स येत असतील तर लायसन्स मिळत नाही, आणि त्यात कुणी पळवाट शोधू नये. रंग ओळखण्याची अडचण सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० च्या दुरुस्तीने मार्ग मोकळा केला आहे, पण त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या.

चष्मा ही अडचण नाही. शुगरसुद्धा आपोआप नापास करत नाही. पण इथे कागदाच्या पलीकडचं एक सांगायला हवं. शुगर ताब्यात नसलेला ड्रायव्हर उपाशीपोटी गोळी घेऊन घाट उतरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर अंधारी आली तर मागचे पंचवीस टन थांबत नाहीत. म्हणून लायसन्सच्या अर्जाआधी शुगर, रक्तदाब आणि डोळ्यांची स्वतःसाठी वेगळी तपासणी करून घ्या. पन्नाशीनंतर मोतीबिंदू हळूहळू चढतो. समोरच्या गाडीचा प्रकाश आता जास्त खुपतो, असं वाटत असेल तर तो वेळीच काढून टाका आणि मगच रात्रीची खेप घ्या.

८. हेवीचं काम होईपर्यंत घर कसं चालवू? छोटा टेम्पो चालवला तर पकडतील का?

एलएमव्हीची, म्हणजे हलक्या वाहनाची, मुदत चालू असेल तर चालवा, बिनधास्त. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात हे सांगितलं होतं. विमा कंपन्यांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तेच मत कायम ठेवलं.

म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, टाटा ४०७ हे सगळं तुमच्यासाठी आजच खुलं आहे. आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) एकूण वजन मात्र स्वतः वाचा. आयशर दिसायला सारख्याच असतात, पण काही मॉडेल साडेसात टनाच्या आत आहेत आणि काही बाहेर. कुणी अडवलं तर शांतपणे आरसी आणि लायसन्स दाखवा आणि निकालाची तारीख सांगा.

आमच्या मते परत येण्याचा सगळ्यात चांगला रस्ता हाच आहे. आधी काही महिने छोटी मालगाडी चालवायची. हात बसतो, रस्ते कळतात, ओळखी होतात, घरात पैसा येतो, आणि त्याच काळात हेवीची चाचणी होऊन जाते.

९. पूर्वी बारा वर्षं ट्रक चालवलाय. मला कशाला ड्रायव्हिंग स्कूल?

ट्रान्सपोर्ट वर्ग नव्याने जोडायचा असेल तर मान्यताप्राप्त शाळेचं नमुना ५ प्रमाणपत्र अर्जाला लागतं, त्यामुळे तिथे पर्याय नाही. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्टचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान १५ तास असतात. काही शाळा पैसे घेऊन नुसता कागद देतात. अशा शाळेत तुम्ही पैसे देऊन स्वतःचंच नुकसान करून घेता.

दुसरा मार्ग मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्राचा. यांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा. तिथली परीक्षा पास झाली की आरटीओची वाहन चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे, १९६७ पासूनची. तिच्या आवारातला ट्रॅक बघून आलात तरी चाचणी म्हणजे काय असते याचा अंदाज येईल.

बारा वर्षांचा अनुभव खरा आहे आणि त्याची किंमतही आहे. पण त्या बारा वर्षांत अंगात मुरलेल्या सवयीही आहेत: क्लचवर पाय ठेवून चालवणं, उतारावर न्यूट्रल, एका हाताने स्टेअरिंग. परीक्षक नेमकं तेच टिपतो.

१०. मित्राच्या ट्रकवर सराव केला तर चालेल?

शिकाऊ लायसन्स हातात असेल तर चालेल, नाहीतर नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. गाडीला पुढे-मागे ‘एल’ लावायचा आणि शेजारी त्या वर्गाचं चालू लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. तो झोपलेला किंवा मागे बर्थवर आडवा असला तर तो नसल्यातच जमा. मित्राचंच ट्रान्सपोर्ट संपलेलं असेल तर दोघेही अडकाल, म्हणून आधी त्याचंही कार्ड बघा.

सराव भरलेल्या गाडीवर करू नका. सकाळी लवकर, एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, रिकामी गाडी घ्या. पहिले काही दिवस फक्त रिव्हर्स, आरसे आणि चढावर गाडी उचलणं. खंड पडलेल्या माणसाला गियर लगेच आठवतात, पण गाडीची मागची लांबी विसरायला होते, आणि वळणावर मागचं चाक फुटपाथवर चढतं ते त्यामुळेच.

११. चाचणीत नेमकं काय करायला लावतात? नापास झालो तर?

शिकाऊ लायसन्सनंतर किमान ३० दिवस गेल्यावरच चाचणी देता येते. ज्या प्रकारचं लायसन्स हवं त्याच प्रकारची गाडी न्यायची, तिची आरसी, विमा, फिटनेस आणि पीयूसी सगळं चालू हवं. बहुतेकजण शाळेची गाडी नेतात, ते सोयीचं पडतं.

परीक्षक गाडीत बसायच्या आधीपासून तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारली का, टायर बघितले का, हवेचा काटा पुरेसा चढल्यावरच हँडब्रेक सोडला का, सीटबेल्ट लावला का. मग चढावर थांबून गाडी मागे न घसरता उचलणं, रिव्हर्स घेणं, आरसे बघून लेन बदलणं, इशारे देणं, वेळेवर आणि सावकाश थांबवणं. वेगाला गुण नाहीत. मान हलताना दिसली पाहिजे: डावा आरसा, उजवा आरसा, मग वळण. अनुभवी माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो आणि मान हलवत नाही, म्हणून तो बघतच नाही असं परीक्षकाला वाटतं.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून तिसऱ्या वेळी घाईने तारीख घेऊ नका. आधी कुठे चुकतं ते शाळेच्या मास्तरांकडून दुरुस्त करून घ्या.

१२. मालक म्हणतो, ‘आधी गाडी काढ, लायसन्सचं मी बघतो.’ काय करू?

नाही म्हणा. हे सांगताना आम्हाला कल्पना आहे, की घरी हप्ता थकलेला असतो आणि काम समोर उभं असतं. तरीही नाही म्हणा.

विनालायसन्स चालवण्याबद्दल तुम्हाला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चालवायला दिली म्हणून मालकालाही कायद्यात तेवढीच शिक्षा आहे, कलम १८०. पण खरी भीती दंडाची नाही. अपघातात कुणी गेलं, तर विमा कंपनी बऱ्याचदा वारसांना भरपाई देते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते, कारण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नव्हतं. अशा वेळी ‘मी बघतो’ म्हणणारा मालक सांगतो, की याने मला लायसन्स आहे असं सांगितलं होतं. त्या दिवशी तुमच्या बाजूने एकही कागद नसतो. मालकाला हे समजावून सांगा. शहाणा असेल तर तो महिनाभर थांबेल किंवा तोवर छोटी गाडी देईल.

१३. आठ-दहा वर्षांत गाड्या एवढ्या बदलल्या का? शेवटची चालवलेली टाटाची २५१५ होती.

बदलल्या, आणि या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या.

एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांप्रमाणे बनलेल्या आहेत. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते, ती डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची. ड्रायव्हर तिला युरियाची टाकी म्हणतात. शेतातला युरिया पाण्यात कालवून त्यात कुणी ओतू नये, साधं पाणीही नाही. ती रिकामी झाली की इंजिन स्वतःच ताकद कमी करतं आणि गाडी चढावर मरते. डिझेल डीईएफच्या टाकीत किंवा डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी सुरूच करू नका, सर्व्हिसला फोन करा. धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून स्वतःला तापवून साफ करतो. तेव्हा डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि सायलेन्सर भयंकर तापतो. वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर त्या वेळी गाडी उभी करायची नाही.

जुन्या गाडीत बिघाड कानाने कळायचा. नवीन गाडी तो दिव्याने आणि कोडने सांगते. डॅशबोर्डवरचा प्रत्येक दिवा कशाचा, हे पहिल्या दिवशी मॅन्युअलमधून किंवा जुन्या ड्रायव्हरकडून पाठ करून घ्या. तारा काढून जुगाड करणं बंद करा, सेन्सर एकदा गेला की खर्च मालक तुमच्या पगारातून काढतो.

वेग ८० वर बांधलेला असतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतं, म्हणून जोराच्या ब्रेकमध्ये पायाखाली धडधड जाणवली तर पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. मे महिन्यात विदर्भात गाडी चालवलेल्या माणसाला त्याचं मोल सांगायला नको. जीपीएसमुळे तुम्ही कुठे थांबलात, किती वेळ थांबलात, हे मालकाला घरबसल्या दिसतं.

घाटाचा नियम तोच राहिला: ज्या गियरमध्ये चढाल त्याच गियरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकण्याची सवय असेल तर ती घरी ठेवून या. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुन्हा पुन्हा जीव घेतो, त्यात न्यूट्रलमध्ये सोडलेल्या आणि ब्रेक तापून गेलेल्या गाड्या असतात. एक्झॉस्ट ब्रेक वापरा, पाय मोकळा ठेवा.

आणि समृद्धी महामार्ग. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला. सरळ, काँक्रीटचा, एकसुरी. गुळगुळीत टायर घेऊन त्यावर चढू नका, आणि डोळे उघडे असूनही मागचे पाच किलोमीटर आठवत नसतील तर पुढच्या थांब्यावर उतरा, तोंड धुवा, चाला.

१४. कागदपत्रांत काय नवीन? आमच्या वेळी बिल्टी आणि जकातीची पावती असायची.

जकात नाके इतिहासजमा झाले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल. राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांवरचा असेल तर ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावर. ते काढायचं काम माल पाठवणाऱ्याचं किंवा ट्रान्सपोर्टचं असतं, पण गाडी अडते तुमची. म्हणून गाडी सोडण्याआधी दोन गोष्टी स्वतः बघा: त्यावरचा गाडी नंबर तुमचाच आहे का आणि मुदत किती आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब असतो. गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घेता येते, म्हणून ट्रान्सपोर्टला लगेच फोन करा. रस्त्यात माल दुसऱ्या गाडीत टाकला तर नंबर बदलून घेतल्याशिवाय निघू नका.

फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. खात्यात पैसे आहेत का हे निघतानाच विचारा, नाहीतर जादा टोलवरून मालकाशी वाद तुमचा होतो.

वजनाचं प्रकरण सगळ्यात महाग पडतं. २०१८ मध्ये ॲक्सलचे वजन नियम वाढले, तीन ॲक्सलची गाडी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. पण गाडीच्या आरसीवर जे लिहिलंय तेच खरं. जुन्या गाडीला वाढीव वजन आपोआप लागू होत नाही. जादा भरल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. काट्याची पावती खिशात ठेवा. भरती करून देणारा ‘चालतंय’ म्हणतो, पण तो तुमच्याबरोबर नाक्यावर नसतो.

१५. पेट्रोलच्या टँकरवर पगार बरा आहे म्हणतात. माझ्या हेवी लायसन्सवर चालेल?

नुसत्या हेवीवर नाही. ज्वालाग्राही किंवा घातक माल वाहायला लायसन्सवर वेगळा शेरा लागतो. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, आणि भारतीय भाषांपैकी एक व इंग्रजी वाचता-लिहिता येणं ही अट आहे. शेऱ्याची मुदत तीन वर्षांची, २०१९ आधी ती एकच वर्षाची होती, आणि दर वेळी एक दिवसाची उजळणी करावी लागते. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा वागतो हे साध्या ट्रकवर शिकता येत नाही. परत आल्या आल्या टँकर घेऊ नका, वर्षभर साधी गाडी चालवून मग विचार करा.

१६. बॅज काढावा लागेल का?

मालाच्या गाडीला नाही. बॅज प्रवासी वाहनांसाठी असतो: रिक्षा, टॅक्सी, बस.

१७. अपघात झाला तर दहा वर्षं तुरुंग, म्हणून घरचे नको म्हणतात. खरं काय आहे?

ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) ची. निष्काळजीपणे अपघात करून, कुणी दगावलं असताना पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या त्या यावरूनच. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम लागू केलं गेलं नाही. कलम १०६(१) मात्र लागू आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

जमावाची भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. जागेवर थांबणं धोक्याचं वाटलं तर पुढे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टोल नाक्यावर गाडी लावा आणि ११२ ला फोन करा, जखमीसाठी १०८ ला. फोनची नोंद राहते, ती तुम्ही पळाला नाहीत याचा पुरावा आहे.

१८. माझे मिस्टर परत गाडीवर जाणार म्हणतात. दिवसाला अठरा-अठरा तास चालवायचे. याला काही कायदा नाही का?

आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ होता, आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, असं होतं. रस्त्यावर हे फारसं पाळलं जात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण कामावर लागण्याआधी विचारता येतं: खेप किती दिवसांची, लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर आहे का, भरायला आणि खाली करायला थांबावं लागलं तर भत्ता कोण देतं. हे प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या मालकाकडे त्यांना पाठवू नका. परत येणाऱ्यांनी सुरुवातीला रात्री घरी पोचता येईल अशी फेरी घ्यावी, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. पुणे-नाशिक, कोल्हापूर-सांगली, जेएनपीटी ते भिवंडी अशी कामं मिळतात. पैसे थोडे कमी येतात, झोप पूर्ण होते.

१९. सैन्यात ट्रक चालवायचो, निवृत्त झालो. आणि माझा भाऊ सौदीत ट्रेलरवर होता. आम्हा दोघांना चाचणी लागेल का?

कायद्याच्या कलम ९ मध्ये दोघांचाही विचार आहे. लष्कराने दिलेलं त्या वर्गाचं लायसन्स असेल, किंवा परदेशातल्या अधिकृत यंत्रणेचं असेल, तर वैद्यकीय अट पाळून चाचणीतून सूट मिळू शकते. तुम्ही सेवामुक्तीची कागदपत्रं आणि लष्करी लायसन्स न्या. भावाने तिकडचं मूळ लायसन्स, त्याचं अधिकृत भाषांतर, पासपोर्ट आणि व्हिसाची पानं न्यावीत. अंतिम निर्णय आरटीओ देतं.

भावासाठी एक जास्तीचं. तिकडे गाडी उजव्या बाजूने चालते. सूट मिळाली तरी त्याने आधी काही दिवस शाळेच्या गाडीवर बसावं, कारण घाई झाली की हात जुन्या बाजूला वळतात.

२०. माझं लायसन्स गोव्याचं आहे, आता सिंधुदुर्गात राहतो. नूतनीकरणाला पणजीला जावं लागेल?

लायसन्स देशभर चालतं, त्यामुळे गाडी चालवायला अडचण नाही. नूतनीकरण इथे करायचं तर सारथीवर पत्ता बदलाचा अर्ज त्यासोबतच करा आणि इथल्या पत्त्याचा पुरावा जोडा. गोव्याच्या नोंदीत काही बाकी असेल, म्हणजे निलंबन किंवा जुनं पुस्तक न चढलेलं (प्रश्न ४), तर ते आधी तिथेच मिटवावं लागेल. सावंतवाडी-बांद्याकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांचं असंच असतं, म्हणून अर्ज भरण्याआधी पोर्टलवर आपली नोंद उघडून बघा.